पाटाला पाणी आलं त्या दुपारी

वृद्धाश्रमांच्या तपासणीचं काम मी मागून घेतलेलं नव्हतं. आधीचे साहेब निवृत्त झाले, त्यांच्या फायली माझ्या टेबलावर आल्या आणि टेबलावर आलं ते माझं झालं. जिल्ह्यातल्या अशा घरांत वर्षातून एकदा जायचं. म्हातारी माणसं नीट राहतायत का, जागा धोक्याची नाही ना, कारभार नियमाप्रमाणं चाललाय का, ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. मी मूळची भूमकडची, मेंढपाळाच्या घरातली. वडिलांचं सगळं आयुष्य रानात गेलेलं. त्यांची लेक सरकारी गाडीतून लोकांच्या घरी जाते आणि न्हाणीघराची फरशी चपलेनं घासून बघते, हे त्यांना कधी नीट उमगलं नाही. "आन् फरशी गुळगुळीत निघाली तर काय करतीस?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. "लिहिते," मी म्हणाले. त्यावर ते बराच वेळ हसले.

ही गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची. फेब्रुवारी संपत आला होता. तेरच्या अलीकडं मुख्य रस्ता सोडून आत एक कच्चा रस्ता जातो, त्याच्या टोकाला ते घर होतं. पूर्वी तिथं शाळेचं वसतिगृह असावं. एक लांबलचक बैठी इमारत, समोर ओटा, अंगणात दोन लिंबाची झाडं. पुरुषांची एक मोठी खोली, बायकांची एक, मधे स्वयंपाकघर आणि ऑफिस. वीस-बावीस माणसं राहायची. सांभाळणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे असलेले म्हातारेसुद्धा. हाताखाली एक स्वयंपाकीण आणि एक मदतनीस बाई. एवढ्यावर ते घर चालायचं.

मी सकाळी साडेदहाला पोचले. अशा ठिकाणी गेलं की पहिला अर्धा तास सगळे जरा आखडलेले असतात. म्हातारी माणसं धुतलेले कपडे घालून पलंगावर ताठ बसतात, जणू त्यांचीच परीक्षा आहे. मी शक्यतो आधी स्वयंपाकघरात जाते. तिथं माणसं लवकर मोकळी होतात.

स्वयंपाकघर चांगलं होतं. गॅसची टाकी बाहेर जाळीत ठेवलेली. दात नसलेल्यांसाठी भाकरी आमटीत कुस्करून वेगळी भिजत घातलेली. औषधांचं कपाट उघडलं तर मी बघतच राहिले. प्रत्येकाचा वेगळा डबा, डब्यावर माणसाचा फोटो, आणि आत दोन कप्पे. एकावर पेनानं काढलेला सूर्य, दुसऱ्यावर चंद्र. मदतनीस बाईला वाचता येत नव्हतं. म्हणून ताईंनी बसून ही चित्रं काढली होती.

"चंद्र जरा भाकरीवानी झालाय," ताई म्हणाल्या. "पर कळतंय."

मग उणं दिसायला लागलं. पुरुषांच्या न्हाणीघरात हिरवट शेवाळ, आणि संडासाशेजारी धरायला दांडी नाही. आग विझवायची लाल नळकांडी भिंतीला होती, पण तिच्यावर दोन टॉवेल वाळत घातलेले. टॉवेल उचलून चिठ्ठी वाचली तर मुदत केव्हाच संपलेली. मी एकेक लिहीत गेले. ताई माझ्या मागून चालत होत्या आणि मी पेन उघडलं की त्यांच्या किल्ल्या वाजायच्या.

पुरुषांच्या खोलीच्या टोकाला मागचं दार होतं. त्याला आतून कोयंडा आणि कोयंड्यात मुठीएवढं कुलूप.

"हे कायम बंद असतं?"

"व्हय."

"किल्ली?"

त्यांनी जुडगा वर करून दाखवला.

"ताई, या खोलीत अकरा माणसं झोपतात. त्यातली चार चालू शकत नाहीत. पुढच्या दाराशी काही पेटलं, तर ती बाहेर कुठून पडणार? तुम्ही स्वयंपाकघरात असाल, नाहीतर बाजारला गेलेल्या असाल. किल्ली तुमच्या कमरेला."

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "आबामुळं लावावं लागतंय, मॅडम." आणि डोळ्यांनीच शेवटच्या पलंगाकडं खूण केली.

तिथं एक उंच, वाळलेला म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला होता. अंगात धोतर-सदरा, अगदी बाहेर निघायच्या तयारीचे. पटका घडी करून उशाला. डोळे उघडे होते आणि चादरीखाली पाय सारखे हलत होते.

ताईंनी सांगितलं ते असं. आबा दोन वर्षांपूर्वी आले. बायको वारलेली, मुलगा लांब कारखान्यात, त्याची कधी दिवसाची, कधी रात्रीची पाळी, घरी बघायला कुणी नाही. आबांना विसर पडायला लागलेला. एरवी शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वर्षातून तीन-चारदा त्यांना काय व्हायचं कुणास ठाऊक, उठायचे आणि निघून जायचे. एकदा डांबरी रस्त्याच्या कडेला सापडले, एकदा तर पार सांजच्याला कुणाच्या तरी रानात. 'कुठं निघाला होता?' विचारलं तर एकच उत्तर, 'ड्युटी हाय.' तिसऱ्या वेळेनंतर ताईंनी कुलूप आणलं.

मी पलंगापाशी गेले. "आबा, बरं हाय का?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "आलंय," ते म्हणाले.

"काय आलंय?"

"आलंय न्हवं का," ते पुन्हा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मी ताईंना म्हणाले, "कुलूप काढा."

"काढते. संध्याकाळी काढते. दुपारी माणसं कमी असत्यात, मॅडम. आमी तिघी बी जेवायला, आवरायला..."

"आत्ता काढा. मी असताना."

आज आठवलं की मला माझाच आवाज ऐकू येतो. तो चढलेला नव्हता, पण बोलणं संपवणारा होता. माझ्या बाजूनं नियम होता, आणि नियम बरोबरच होता. ताईंनी कुलूप काढलं, किल्लीसकट माझ्या हातात दिलं. मी ते ऑफिसच्या टेबलावर ठेवलं.

जेवायला त्यांनी आग्रह केला. नको नको म्हणत मी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ती कुस्करलेल्यातली थोडी आमटी खाल्ली. मग सगळं घर हळूहळू निजलं. अशी झोप मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. आधी बायकांच्या खोलीतली बोलणी थांबली, मग कुणाची तरी खोकल्याची उबळ, मग पंख्यांची घरघर, आणि त्याच्याखाली वीस माणसांचा संथ श्वास. लिंबाची पिवळी पानं अंगणात गळत होती, त्यांचाही आवाज येत होता. मी ऑफिसात रहिवाशांची वही उघडून बसले. नाव, वय, आल्याची तारीख, आजार, नातेवाईक. अक्षरं लहान होती, खिडकीतून ऊन येऊन कागदावर पडलं होतं, आणि पहाटे पाचला उठलेली मी कधी मिटत गेले मला कळलं नाही.

पण झोप पूर्ण लागली नव्हती. मला खिडकी दिसत होती. खिडकीबाहेरून एक माणूस गेला. पांढरे कपडे, डोक्याला पटका, हातात काठी, आणि चाल अशी की रस्ता पायाला पाठ आहे. मला वाटलं, मी लहान आहे, आमच्या पालात निजले आहे आणि वडील मेंढरांमागं निघालेत. लहानपणी मी असंच अर्धवट डोळ्यांनी त्यांना जाताना बघायची आणि बरं वाटून पुन्हा झोपायची. तसंच बरं वाटलं. मी पुन्हा झोपले.

"आबा!"

ताईंच्या हाकेनं मी उठले. वहीच्या पानावर माझ्या गालाचा घाम उमटला होता. घड्याळात सव्वादोन.

शेवटचा पलंग रिकामा होता. मागचं दार सताड उघडं, दारातून उन्हाचा एक लांब पट्टा खोलीत आलेला. स्वयंपाकीण डांबरी रस्त्याकडं धावली. मदतनीस बाईला ताईंनी जागेवरून हलायचं नाही म्हणून बजावलं. मी नुसतीच उभी होते.

बायकांच्या खोलीच्या दाराशी एक आजी बसलेल्या होत्या. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. इतका गोंधळ चाललेला, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "पाटाला पाणी आलंय. तिकडं गेला आसंल."

ताई थबकल्या. "कुठं पाणी आलंय?"

"पहाटंपासून आवाज येतोय की."

मी कान दिले. मला काही ऐकू आलं नाही. पंखा, कावळा, लांब कुठंतरी मळणीयंत्र.

"मला तर कायबी येत न्हाय," ताई म्हणाल्या.

"तुला कामातनं कसा येईल? मागच्या बारीला गेला तवाबी पाणी आलंतं. त्याच्या आधीबी. पाणी आलं की त्यो पडून ऱ्हात न्हाय. पाटकरी हुता न्हवं का त्यो."

"आजी, हे आधी का न्हाय सांगितलं मला?"

"कुणी इचारलं?" आजी म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. खरंच कुणी विचारलं नव्हतं. वहीत आबांच्या नावापुढं 'सेवानिवृत्त' एवढंच लिहिलं होतं. डुलकी लागायच्या आधी मी ते वाचलं होतं आणि पुढच्या ओळीवर गेले होते.

धरणाचा पाट घराच्या मागं अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर होता. मी आणि ताई बांधाबांधानं निघालो. शाळू काढायला झालेला, काही रानांत पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या. उन्हानं सगळं पांढुरकं झालं होतं. लांबची झाडं जमिनीपासून सुटून हातभर वर तरंगत होती. बांधावर एक पळस फुललेला, त्याच्याखाली सावली म्हणून काही नव्हतीच. रानात माणूस दिसत नव्हता. सगळे कुठंतरी गारव्याला गेलेले. इतकं शांत होतं की भीतीसुद्धा लांबून आल्यासारखी वाटत होती.

मी ताईंना म्हणाले, "ताई, मी त्यांना जाताना बघितलं."

त्या चालत राहिल्या.

"खिडकीतून. मला डुलकी लागली होती. मला वाटलं, स्वप्न आहे. मी उठले नाही."

ताईंनी माझ्याकडं वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "चला, भरभर चला."

मग मलाही आवाज ऐकू आला. आधी वाटलं, वारा आहे. पण शाळूची पानं हलत नव्हती. बांध चढून वर आलो आणि पाट समोर आला.

आमच्या भागात पाट नव्हता. पाणी म्हणजे विहिरीत खोल कुठंतरी दिसणारा तुकडा, नाहीतर टँकरच्या नळीची धार. एवढं पाणी, काठोकाठ, कोरड्या रानांमधून गुपचूप आणि वेगानं चाललेलं, हे मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. वर फेस नाही, खळखळ नाही, फक्त एक बारीक सळसळ. नुसतं सरकत होतं. दोन्ही काठांना बाभळी, त्यांच्या सावल्या पाण्यावर पडलेल्या, आणि त्या सावल्या मात्र जागच्या जागी. बघता बघता मला घेरी आल्यासारखं झालं. एखादं माणूस यात पडलं तर आवाजसुद्धा होणार नाही, असं मनात आलं.

"मॅडम," ताई म्हणाल्या.

पाण्यात उतरायच्या दगडी पायरीवर चपलांचा जोड होता. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

ताईंनी वाकून त्या उचलल्या. मी पाटाच्या कडेनं पळत सुटले. किती पळाले आठवत नाही, शंभर पावलं असतील, दोनशे असतील. पाट जिथं वळतो तिथून एक लहान चारी फुटते, शेतांना पाणी द्यायची. तिच्या तोंडाशी लोखंडी दार आणि वर ते उचलायचं चाक. चाकाच्या ओट्यावर आबा बसले होते, अनवाणी, एक हात चाकावर ठेवून.

मी जागीच थांबले. मोठ्यानं हाक मारली असती तर दचकले असते, आणि पाणी पायापासून हातभर होतं. मी श्वास आवरून हळूहळू जवळ गेले.

"कोण हाय?" त्यांनी न बघता विचारलं. पलंगावरचा तो आवाज हा नव्हता.

"मी, आबा. तपासणीला आलेय."

"तपासणीला?" ते लगेच सावरून बसले. पटका नीट केला. "बरं झालं आलात, साहेब. हे बघा." त्यांनी दाराच्या खालच्या बाजूला बोट दाखवलं. दार बंद होतं, पण एका कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार चारीत पडत होती. "नीट बसत न्हाय. रातभर असं गेलं की किती पाणी जातंय, सांगा. आन् शेवटाला रान असलेला बिचारा वाट बघत बसलेला असतोय."

"लिहून घेते," मी म्हणाले. माझी वही ऑफिसात राहिली होती.

"लिव्हा."

तेवढ्यात ताई येऊन पोचल्या. त्यांच्या हातात आबांच्या चपला होत्या. त्या काही बोलणार तेवढ्यात मी हात वर केला. मी आबांच्या शेजारी, पाण्याच्या बाजूनं बसले. ताई दुसऱ्या बाजूनं टेकल्या. आता ते आमच्या दोघींच्या मधे होते. तिथून पुढं घाई नव्हती.

"आबा, चपला का काढल्या?" ताईंनी विचारलं.

"पाणी नवं हाय," ते म्हणाले. जणू एवढं सांगितलं की बाकी सगळं कळावं.

मग ते बोलत राहिले. थांबत, मधेच कुठंतरी भलतीकडं जात, पुन्हा येत. मी त्यांना फक्त पुढं जाऊ देत होते. ते म्हणाले, कोरड्या पाटात पहिलं पाणी सुटतं ना, ते पळत येत नाही. माणसाच्या चालीनं येतं. पुढं पुढं वाळलेली पानं, काटक्या, मुंग्यांचे गोळे, किडं ढकलत येतं. ते किडं टिपायला बगळे येतात, पाण्याच्या पुढं पुढं उड्या मारत. आणि पाण्याच्या तोंडाबरोबर काठानं पाटकरी चालतो. काही अडकलं तर काढायचं, कुणी मधेच बांध घातला असला तर फोडायचा. सकाळी धरणापाशी पाण्याबरोबर निघायचं ते शेवटच्या रानात पाणी पोचेपर्यंत चालायचं.

"म्या पाणी कदी सोडून गेलो न्हाय," ते म्हणाले. "त्ये बसलं की बसायचं, त्ये उठलं की उठायचं."

"आन् भूक लागली तर?" ताईंनी विचारलं.

"रानं हायती की दोनी बाजूला. कुनीबी हाक मारतंय. पानी घेऊन आलेल्या मानसाला कोन उपाशी ठिवतंय?" ते हसले. "शेवटाला एक बाई हुती. येकलीच. तिचं रान पार टोकाला. वरची मानसं पानी पोचूच द्यायची न्हाईत. येक बारी म्या पयलं तिला दिलं. सगळी दारं बंद केली आन् सरळ तिच्या रानात नेलं. लई शिव्या खाल्ल्या वरच्यांच्या. ती बाई मातर बांधावर हुबी. पानी तिच्या पायावरनं गेलं तरी हालली न्हाय."

पाणी समोरून सरकत होतं, बाभळीच्या फुलाची एक पिवळी गोळी त्याच्यावरून आली आणि गेली. मला वाटलं, आम्ही तिघं बसलोय तो ओटाच हळूहळू वरच्या बाजूला निघालाय आणि पाणी थांबलंय. किती वेळ गेला सांगता येणार नाही. सावल्या पाण्याच्या पलीकडच्या काठाला जाऊन लागल्या होत्या.

ताईंना घराची काळजी लागली होती. "आबा, चला आता. च्या करू."

"असं कसं सोडून यीन? पाळी बदलल्याबिगर?"

त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, नोकरी होती. ओढून नेलं असतं तर ते आले असते कदाचित, वजन काही नव्हतं अंगात. पण आम्हा दोघींनाही हात लावावासा वाटेना. मी म्हणाले, "आबा, पाळी बदललीय. दुसरं माणूस आलंय."

"कोण?"

तेव्हा ताई म्हणाल्या, "म्या आलेय की."

आबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. कमरेच्या किल्ल्यांवर त्यांची नजर जरा जास्त थांबली. "तुमाला जमंल?"

"जमंल."

"दार चाकाच्या अर्ध्या आट्याच्या वर उचलायचं न्हाय."

"न्हाय उचलत."

"आन् आधी शेवटाला."

"आधी शेवटाला," ताई म्हणाल्या.

आबांनी चाकावरचा हात काढला. ताईंनी खाली बसून त्यांच्या पायात चपला घातल्या. येताना ते आमच्या मधून चालत आले, एकदाही मागं न बघता. निम्म्या वाटेतच त्यांचं बोलणं विस्कटायला लागलं, आणि घराचं मागचं दार दिसलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे कुणाचं घर, बाई?"

त्या संध्याकाळी निघताना ताई माझ्याबरोबर गाडीपर्यंत आल्या. "आता बंद करता का आमचं?" त्यांनी विचारलं. मी गाडीत बसले.

अहवाल लिहायला मला दोन दिवस लागले. शेवाळ, दांडी, नळकांडी, कुलूप, सगळं लिहिलं. औषधांच्या कपाटाबद्दलही लिहिलं, सूर्य आणि चंद्रासकट. आणि शेवटी लिहिलं, की दारावर लक्ष ठेवायची काही सोय न करता, सांभाळणाऱ्या बाईंनी सांगूनही, मी कुलूप लगेच काढायला लावलं. मला डुलकी लागली असताना एक रहिवासी माझ्या डोळ्यांसमोरून बाहेर गेले.

आमच्या साहेबांनी ते वाचून मला बोलावलं. "शेवटचा परिच्छेद कशाला?"

"घडलं म्हणून."

"माणूस सापडला ना? मग?"

"सापडला म्हणूनच लिहिता येतंय, साहेब."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. परिच्छेद राहिला. मला लेखी समज मिळाली, ती माझ्या फायलीत आहे. घराला सुधारणेसाठी महिन्याची मुदत मिळाली.

महिन्यानं मी पुन्हा गेले. फरशी खडबडीत केलेली, संडासाशेजारी दांडी, नळकांडी नवी आणि तिच्यावर टॉवेल नाही. मागच्या दाराला कुलपाऐवजी आतून सहज सरकणारी कडी, आणि दार उघडलं की घंटा वाजायची. बैलाच्या गळ्यातली घंटा स्वयंपाकिणीनं घरून आणून टांगली होती. पण मला दाखवायची ताईंना घाई होती ती दुसरीच गोष्ट. पाटावरच्या आताच्या पाटकऱ्याला त्या जाऊन भेटल्या होत्या. पाणी सुटायच्या आदल्या दिवशी तो फोन करायचा. मग दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की ताई नाहीतर मदतनीस बाई आबांना घेऊन पाटावर जायची, एक खुर्ची घेऊन, काठापासून चार हात आत बसवायची. ड्युटी झाली की पाळी बदलायची आणि घरी यायचं. त्यानंतर आबा एकदाही एकटे निघून गेले नाहीत.

वडिलांना मी हे सगळं गावी गेल्यावर सांगितलं. ते तेव्हा ऐंशीच्या पुढं होते, ओसरीत पडून असायचे. मी डुलकीचंही सांगितलं, समज मिळाल्याचंही. त्यांनी त्यातलं काहीच मनावर घेतलं नाही. डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "पाण्याबरोबर चालायला मिळालं त्याला."

आबा त्यानंतर दीड वर्ष जगले. पावसाळा संपता संपता, तापाचं निमित्त होऊन, त्या शेवटच्या पलंगावरच गेले. मुलगा आला होता. ताईंनी त्याला पाटापाशी नेऊन ते चाक दाखवलं, आणि तो तिथं बराच वेळ उभा होता, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

मी आबांना शेवटचं बघितलं ते त्याआधीच्या थंडीत. वर्षाच्या तपासणीला गेले होते, आणि योगायोगानं त्याच दिवशी पाणी आलं होतं. तोवर आबा एकटेच जायचे असं राहिलं नव्हतं. चालू शकणाऱ्या चार-पाच जणी आणि दोन म्हातारे बरोबर निघाले. न दिसणाऱ्या आजी मदतनीस बाईच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांच्या पुढं. कुणी शेंगा घेतलेल्या, कुणी अंगावर पांघरायला शाल. ऊन कोवळं होतं. बांधावर हरभऱ्याचा आंबूस वास येत होता. पाटाच्या काठाला पाच खुर्च्या आणि दोन चटया मांडून ती मंडळी बसली, आणि हळूहळू त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं.

आबांना आता पाण्याचंही विशेष काही वाटत नव्हतं. चाकाकडं त्यांनी बघितलं नाही. ताईंनी विचारलं, "आबा, पाणी आलंय, दिसतंय का?" तर नुसती मान हलवली. थोड्या वेळानं त्यांची हनुवटी छातीला टेकली. श्वास संथ चालू होता. सूर्य शाळूच्या रानापलीकडं उतरला, पाण्यावर गारवा यायला लागला, आणि मदतनीस बाई खुर्च्या उचलायला म्हणून उठली. ताईंनी तिला हातानंच बस म्हणून खुणावलं. आबांच्या खांद्यावरची शाल नीट केली. कुणी त्यांना उठवलं नाही. आम्ही सगळे तिथंच बसून राहिलो.